आईच्या आभारांचं काम : प्रकल्प नोंदी

काम : आईच्या आजारपणात ज्यांनी हात दिला त्या सगळ्यांपर्यंत तिचे आभार पोचवणं.
करणारी माणसं : आई, बाबा, दादा, वहिनी, मी.
नोंदी : मी. ऑफिसात दिवसभर प्रकल्पांच्या नोंदीच ठेवते, त्यामुळे घरातही हे माझ्याच गळ्यात पडलं.

६ जून

जानेवारीत आईला स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उजवा हात, उजवा पाय, बोलणं, तिन्ही एकदम गेलं. आता ती काठी घेऊन घरातल्या घरात चालते. उजवा हात खांद्यापासून उचलते, बोटं अजून ऐकत नाहीत. तिला समजतं जवळजवळ सगळं. बोलण्यात मात्र थोडे सुटे शब्द आहेत आणि एक 'बघू' आहे, तो कशालाही येतो. डॉक्टर म्हणाले, "बऱ्या होणार तुम्ही." आई म्हणाली, "बघू."

आभार कसे मानायचे यावर घरात तीन मतं निघाली. दादाचं म्हणणं, सगळ्यांना एकच नीट मेसेज टाकू, विषय संपला. बाबांना प्रत्येकाच्या घरी जायचंय. वहिनी म्हणाली, "आजारी आई होत्या. त्यांचे आभार आपण परस्पर कसे मानणार? त्यांना विचारा की."

विचारलं. "बघू," म्हणाली आणि डाव्या हाताने माझ्यासमोरचं पेन ओढून घेतलं. बाबांनी त्याचा अर्थ लगेच लावला. दादाने लिहायला घेतलेला मेसेज तसाच राहिला.

८ जून

यादी. घरच्यांच्या आठवणीवर विसंबायचं नाही असं ठरवलं, कारण त्या दिवसांतलं प्रत्येकाला वेगवेगळं आठवतंय. लिखित पुरावे काढले : तिघांच्या फोनमधले त्या काळातले कॉल, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे मेसेज, वहिनीने फ्रिजवर चिकटवलेलं पाळ्यांचं वेळापत्रक, हॉस्पिटलच्या फाइलच्या पाठीवर बाबांनी खरडलेले नंबर.

बाबांच्या खरडीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. त्यात नावं फारशी नाहीत, पण माणसं आहेत. 'चष्मेवाली सिस्टर, रात्र.' 'लिफ्टपाशी जागा करून देणारे.' 'मुलगा – चार्जर.' शेवटच्याचा उलगडा बाबांनाही होईना, मग संध्याकाळी अचानक झाला. आयसीयूबाहेर दुसऱ्या कुणाच्या तरी नातेवाइकाने रात्रभर स्वतःचा चार्जर देऊन ठेवला होता. सकाळी तो परत द्यायला गेलो तर तो मुलगा निघून गेला होता. चार्जर अजून घरात आहे.

यादीचे दोन भाग पडले : नाव माहीत असलेले आणि नसलेले. दुसरा भाग वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा आहे.

१३ जून

समोरच्या काकूंपासून सुरुवात करावी यावर कुणाचंच दुमत नव्हतं. त्यांच्या नावापुढे काय लिहायचं हा प्रश्न आला. 'खूप मदत केली' असं दादाने लिहिलं. वाचून बाबा म्हणाले, "हे तर सगळ्यांच्याच पुढे लिहिता येईल."

मग काकूंनी नेमकं काय केलं ते शोधत गेलो. त्या दिवशी सकाळी आई दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत होती. बोलता बोलता काकूंच्या गोळीचा अलार्म वाजला, साडेनऊचा. काकू गोळी घ्यायला आत गेल्या. दहा वाजून गेल्यावर परत आल्या तर आई खुर्चीत, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटत नाही. काकूंनी हात वर करायला सांगितलं, उजवा उठेना. त्यांनी पाणी पाजलं नाही, हातपाय चोळत बसल्या नाहीत, "थोडं पडा, बरं वाटेल" म्हणाल्या नाहीत. रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग बाबांना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटच्या ठीक कधी होत्या?" त्रास कधी दिसला हे त्यांनी नंतर विचारलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सुरुवात कधी झाली हे कुणी पाहिलं नसेल तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून घड्याळ मोजतात. त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन काढावाच लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून बघून सांगता येत नाही आणि रक्तस्रावात हेच इंजेक्शन घात करतं. म्हणजे साडेचार तासांतला बराचसा वेळ रस्त्यात आणि तपासणीत जातो. बाबा सकाळीच बाहेर पडले होते. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही काय सांगणार होतो? "सकाळी बरी होती." काकूंनी साडेनऊ सांगितलं आणि ते अलार्ममुळे पक्कं होतं. इंजेक्शन वेळेत गेलं.

जेफ्री सेव्हर नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ साली हिशोब मांडला होता, की अशा स्ट्रोकमध्ये उपचार होईपर्यंत दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. मी तो आकडा काकूंच्या चिठ्ठीत घालणार होते. वहिनीने काढायला लावला. "त्या बिचाऱ्या वाचून, आणखी दहा मिनिटं आधी का नाही गेले म्हणून झुरत बसतील." बरोबर आहे. आकडा इथे नोंदीत राहू दे.

यातून नियम ठरला : प्रत्येकाच्या चिठ्ठीत एक वाक्य असं हवं की त्यांनी जे केलं त्यामुळे पुढे काय झालं. ते सापडेपर्यंत चिठ्ठी लिहायला घ्यायची नाही.

१९ जून

स्पीच थेरपिस्ट बाईंना या कामाबद्दल सांगितलं. त्यांना ते आमच्यापेक्षाही जास्त आवडलं. तिच्या वयाच्या बाईकडून 'चेंडू, घर, मासा' अशी चित्रं ओळखून घ्यायचा त्यांनाही कंटाळा आला असावा. आईला तर तो पहिल्या दिवसापासून आहे.

त्या म्हणाल्या की अफेजियात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवते त्यात, ठरलेली छोटी वाक्यं पुन्हा पुन्हा घोटून घेण्याची एक पद्धतच आहे. वाक्य रोग्याच्या स्वतःच्या कामाचं असलं की ते लवकर बसतं. 'मासा' हा शब्द आईला कुठेही वापरायचा नाहीये. 'तुम्ही आलात म्हणून' हे वापरायचंय. तेव्हा आभाराचं वाक्य हाच यापुढचा अभ्यास.

'बघू'बद्दलही विचारलं. हे जुनंच आहे म्हणाल्या. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने ज्या रोग्यावरून वाचेची मेंदूतली जागा दाखवली, तो माणूस वर्षानुवर्षं फक्त 'टॅन' एवढंच बोलू शकत होता. विचारलेलं त्याला कळायचं, उत्तर म्हणून 'टॅन टॅन' यायचं. आई लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर हसली आणि म्हणाली, "टॅन." बाईंना हसू आवरेना.

बसण्याचे नियम त्यांनी सांगितले ते फ्रिजवर लावलेत : सकाळीच बसायचं, टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं, दहा-पंधरा मिनिटांच्या वर ताणायचं नाही. आणि तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही. यातला शेवटचा नियम बाबांना अतिशय जड जातोय. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर तिच्या तोंडातलं वाक्य त्यांच्या तोंडात आधीच तयार असतं.

२७ जून

फोटो घेऊन बसलो. यादीतल्या माणसांचे फोटो ग्रुपवरून काढून मोठे करून छापलेत. आईने एकेक उचलायचा, नाव सांगायचा प्रयत्न करायचा, आम्ही नियमाप्रमाणे गप्प.

नावं येत नाहीत. मामाला 'ताई' म्हणाली, आपलं आपल्यालाच चुकलं हे कळलं, फोटोवर हात आपटला. मात्र माणूस ओळखतेय यात शंका नाही, कारण मामाचा फोटो पाहिल्यावर तिने डाव्या हाताने अंथरूण उलटवल्याची खूण केली. मामा रात्री येऊन तिला कूस बदलून द्यायचा, ते.

'हो-नाही'चा मोठा घोळ आहे. "हिला चिठ्ठी पाठवायची?" "हो," आणि मान मात्र नाही म्हणून हलते. अशा वेळी मान खरी की शब्द, हे तिचा चेहरा बघून ठरवतोय. थेरपिस्ट बाईंनी दोन पुठ्ठे दिले, एकावर बरोबरची खूण, एकावर फुली. बोट ठेवते ते ग्राह्य.

५ जुलै

काही झालेलं नाही. आई थकलेली आहे. झोप, व्यायाम, झोप. स्ट्रोकनंतरचा थकवा हा आळस नव्हे हे आता सगळ्यांना पाठ आहे, तरी दादा दोनदा विचारून गेला, "आज बसणार नाही का?"

१४ जुलै

पाळ्यांच्या वेळापत्रकावर काम. हा कागद बघताना फार गोष्टी उलगडल्या.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे तिला स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं. एकाच जागी दाब राहिला की कातडी मरते आणि अंथरुणातल्या जखमा होतात, म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. अलार्म लावून उठणं एक रात्र जमतं, दोन रात्री जमतं. त्यानंतर उठणारा माणूसच आजारी पडायच्या बेताला येतो. बाबा त्या बेताला आले होते. मामाने आठवड्यातल्या रात्री वाटून घेतल्या आणि आपल्या दोन्ही मुलांनाही जुंपलं. त्यातला धाकटा कॉलेजात आहे. तो रात्री अभ्यास करत बसायचा आणि दर दोन तासांनी आत्याची कूस बदलायचा. आईला एकही जखम झाली नाही. चिठ्ठीत वाक्य तेच : 'तू जागलास म्हणून माझी पाठ धड राहिली.' आईने 'पाठ'वर बोट ठेवून मान डोलावली.

भरवणं ही दुसरी मोठी बाब होती. सुरुवातीला गिळताना घास श्वासनलिकेकडे जाण्याची भीती. पातळ पदार्थ घट्ट करून, तिला सरळ नव्वद अंशांत बसवून, हनुवटी छातीकडे घ्यायला लावून एकेक चमचा, आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. एक जेवण म्हणजे दीड तासाचं काम. दादाच्या ऑफिसातली एक मैत्रीण, जिला आई आधी ओळखतही नव्हती, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच यायची. भरवायला तिला शिकवलं नव्हतं. ती नुसती आईजवळ बसायची आणि बाबा तेवढे दोन तास आतल्या खोलीत दार लावून झोपायचे.

माझ्या मते अख्ख्या यादीतली ही सगळ्यात कामाची मदत. कारण तिने "काही लागलं तर सांगा" म्हटलं नाही. तसं म्हणणारे खूप होते आणि सगळे मनापासून म्हणत होते. पण काय लागतंय याचा विचार करून, कुणाला काय सांगावं हे ठरवून, संकोच गिळून फोन करण्याएवढं त्राणच त्या दिवसांत अंगात नसतं. तिने वार आणि वेळ सांगितली. आम्ही फक्त दार उघडायचं.

२ ऑगस्ट

चिठ्ठ्या लिहिण्याची पद्धत ठरली. मजकूर आई पुठ्ठ्यांवरचे शब्द निवडून ठरवते, मी टाइप करून छापते, आणि खाली ती डाव्या हाताने सही करते. डावा हात बरा चालायला लागलाय.

फिजिओ आल्या आणि त्यांनी यावर आक्षेप घेतला. "उजव्याला काय काम दिलंय?" काहीच नाही. "मग तो शिकणार कसा?" बरा हात सगळं करायला लागला की दुबळा हात मेंदूच्या हिशोबातूनच गळतो. एडवर्ड टॉब यांनी याच कल्पनेवर बरा हात जागेपणीचा बहुतेक वेळ बांधून ठेवण्याची उपचारपद्धती उभी केली. आईची बोटं अजून तेवढी हलत नाहीत, त्यामुळे हात बांधणं तिला लागू नाही. पण काम द्यायलाच हवं.

आता व्यवस्था अशी : उजवा हात कागदावर ठेवायचा आणि कागद सरकू द्यायचा नाही. सही झाली की घडीवर उजव्या मुठीने दाब द्यायचा. आज पहिली घडी घातली. मनगट आधी टेबलाच्या कडेवर टेकवलं, मग खांदा पुढे ढकलून मूठ कागदावर आणली, मूठ घसरली, पुन्हा आणली, आणि शेवटी कोपरातून सगळा भार टाकून ती घडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. जिभेचं टोक बाहेर. घडी तिरकी आली. वहिनी दुसरा कागद द्यायला गेली तर आईने तिचा हात बाजूला केला. तीच चिठ्ठी काकूंना गेली.

१० ऑगस्ट

पैशांचा विषय. दादाच्या एका मित्राने दाखल करायच्या दिवशी, न विचारता, रक्कम भरून टाकली होती. ती आम्ही केव्हाच परत केली आणि दादाच्या मते त्याचं नाव यादीत नको, व्यवहार पुरा झाला. बाबा चिडले. पैसे परत केले म्हणून ती दुपार परत केली असं होत नाही, म्हणाले. त्या दुपारी दादा सहीच्या कागदांमागे पळू शकला कारण दुसरं कुणीतरी रांगेत उभं होतं. नाव यादीत राहिलं. चिठ्ठीत पैशांचा उल्लेख नाही, रांगेचा आहे.

२३ ऑगस्ट

वॉर्डात जाऊन आलो. आधी फोन करून वेळ विचारली होती. पाळी बदलताना अजिबात येऊ नका म्हणाले, दुपारी थोडा वेळ चालेल.

आई काठी घेऊन स्वतः चालत आत गेली. मावशींनी तिला ओळखलंच नाही. त्यांनी तिला फक्त आडवी पाहिलेली. मग आईने "मावशी" म्हटलं, तर त्या बादली खाली ठेवून आईभोवती फिरून तिला मागून-पुढून बघायला लागल्या. एक सिस्टर म्हणाल्या की इथून गेलेली माणसं पुढे कशी झाली हे आम्हाला कळतच नाही. बरी झालेली परत येत नाहीत, येतात ती पुन्हा आजारी पडूनच.

'चष्मेवाली सिस्टर, रात्र' सापडल्या नाहीत. त्या दुसरीकडे गेल्यात. पण मेट्रन बाईंनी चांगला मार्ग सांगितला. कोणती तारीख, कोणती पाळी, काय केलं हे लिहून त्यांच्या नावे पत्र द्या, ते त्या सिस्टरच्या फाइलला लागतं आणि त्यांच्यापर्यंत पोचवलंही जातं. घरी येऊन लगेच लिहिलं. काय केलं होतं त्यांनी? दर खेपेला उजवा हात उचलताना कोपर आणि मनगट दोन्हीकडून धरायच्या, आणि काखेत हात घालून आईला ओढणाऱ्या आमच्या एका पाहुण्याला त्यांनी खडसावलं होतं. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून सहज खाली उतरतो, ओढला की आणखीच. आईचा खांदा जागेवर आहे. पत्रात हे सगळं सविस्तर घातलं.

वॉर्डासाठी काही वस्तू न्यायची का यावर येताना चर्चा झाली होती. नेली नाही. चालणारी आई नेली, तेवढं पुरलं.

९ सप्टेंबर

चिठ्ठ्या हळूहळू पोचताहेत आणि लोकांचे फोन येताहेत. बहुतेक सगळे आधी रागावतात. "आभार कसले मानता? आम्ही काय परके आहोत?" हे इतक्या वेळा ऐकलं की दादाने त्याचं उत्तरच तयार ठेवलंय : "आईला हात चालवायला काम हवंय, तुम्ही चिठ्ठी वाचा नि गप्प बसा." ते बरं लागू पडतं.

एक अडचण मात्र खरी आहे. कुणी भेटायला आलं की आईला रडू फुटतं. कधी हसूही फुटतं, नको तिथे. आत्या आल्या तेव्हा रडू इतकं लांबलं की त्या घाबरून लवकर निघाल्या आणि ग्रुपवर 'वहिनी फार खचल्यात' असं लिहून मोकळ्या झाल्या. खचलेली नाहीये. स्ट्रोकनंतर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो, त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. आतलं दुःख आणि बाहेरचं रडू यांचा मेळ राहत नाही. डॉक्टरांच्या कानावर घातलंय, त्यावर औषध असतं. तोपर्यंत येणाऱ्याला दारातच सांगायचं : रडली तर थांबा, विषय बदला, मिनिटभरात ओसरतं. समजूत काढायला गेलं की वाढतं.

२१ सप्टेंबर

आज यादी पुन्हा आईसमोर ठेवली, उरलेल्या नावांसाठी. एका नावाशी तिचं बोट थांबलं. हे गृहस्थ जवळचे नातेवाईक आहेत. आयसीयूबाहेर बसून त्यांनी मोठ्या आवाजात बाबांना इथून हलवा, तिथे न्या, अमक्याला विचारा असं रोज ऐकवलं होतं, आणि आई शुद्धीवर असताना तिच्या उशाशी उभं राहून "आता हिचं काही खरं नाही" असंही म्हणाले होते. तिला ऐकू जात नसावं असा त्यांचा समज.

बाबा म्हणाले, "ते आले तर होतेच ना. रोज आले."

आईने पेन घेतलं. डाव्या हाताने, हळू, नावावरून सरळ रेघ ओढली. आणि म्हणाली, "नाही."

मान, शब्द, चेहरा, तिन्ही एकाच बाजूला. पुठ्ठे काढायची गरजच पडली नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि यादी पुढे सरकवली. थेरपिस्ट बाईंना संध्याकाळी कळवलं. त्यांनी आधी 'हो-नाही' जुळल्याबद्दल शाबासकी दिली आणि मग विचारलं, कोण होते हो ते?

५ ऑक्टोबर

वाक्यं. चिठ्ठ्यांवर भागत असलं तरी अभ्यास वाक्याचा होता. 'तुम्ही आलात म्हणून' यातलं 'तुम्ही' आणि 'म्हणून' येतं, मधलं गळतं. बाईंनी आता ते सुरात घ्यायला लावलंय. बोलता न येणारी माणसं गाऊ शकतात हे खूप आधीपासून दिसलेलं आहे, आणि १९७३ साली त्यावरून एक उपचारपद्धतीच मांडली गेली. वाक्याला दोन स्वरांची चाल द्यायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा, आणि बसलं की चाल हळूहळू काढून घ्यायची.

घरात सध्या सगळे 'तुम्ही आलात म्हणून' गुणगुणताहेत. वहिनीने भांडी लावताना, दादाने गाडीची किल्ली शोधताना. आई मात्र ठोका चुकला की बाबांकडे डोळे वटारते, कारण ठोका बाबा चुकवतात.

१८ ऑक्टोबर

मंगळवार-शुक्रवारवाली मैत्रीण भेटायला आली. तिला चिठ्ठी मुद्दाम पाठवली नव्हती, आईला तोंडाने सांगायचं होतं. आई बसली, टेबलावर ठोके दिले, "तुम्ही... आलात... म्हणून" इथपर्यंत स्वच्छ आलं. पुढचं ठरलेलं वाक्य होतं 'यांना झोप मिळाली'. ते येईना. आम्ही चौघंही नियम पाळून गप्प. बाबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आईने बाबांकडे बोट दाखवलं, तळहात गालाखाली घेतला, डोळे मिटले आणि घोरल्याचा मोठा आवाज काढला.

मैत्रीण इतकी हसली की तिलाच रडू आलं. आईलाही आलं, पण मिनिटभरात ओसरलं. औषधाचा गुण असावा.

बाईंना विचारलं, हे वाक्य झालं म्हणायचं का. त्या म्हणाल्या, समोरच्याला पोचलं ना, मग झालं. फक्त घोरणं पुढच्या महिन्यात शब्दांत आणू.

२ नोव्हेंबर

यादीतल्या नाव असलेल्यांच्या चिठ्ठ्या गेल्या. तळाशी आईने परवा स्वतःहून एक ओळ घातली, डाव्या हाताने : 'अहो'. बाबा म्हणाले की हे प्रकल्पाच्या कक्षेत बसत नाही. त्यांची चिठ्ठी काय असेल हे तिने आम्हाला कुणाला सांगितलेलं नाही. मला टाइप करायलाही दिलेलं नाही. दुपारी दार लावून बसते.

नाव नसलेल्यांपैकी रुग्णवाहिकेचे चालक सेवेच्या कार्यालयातून तारीख-वेळ सांगून सापडले, पत्र दिलं. लिफ्टपाशी जागा करून देणारे आणि चार्जरवाला मुलगा सापडण्याची शक्यता नाही. दादाने विचारलं, चार्जरचं काय करायचं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "बॅग." पुढच्या तपासणीला हॉस्पिटलात जाताना न्यायच्या बॅगेत ठेवलाय. आयसीयूबाहेर कुणाला तरी लागतोच.

शिल्लक काम : 'यांना झोप मिळाली', थेरपिस्ट बाईंकडे. फिजिओंची चिठ्ठी, आईच्या मते ती उजव्या हाताने सही करता येईल तेव्हाच द्यायची. केव्हा, असं फिजिओंनी विचारलं.

"बघू," आई म्हणाली.